मुख्य सभागृहातली सकाळ कोणत्या रुग्णासाठी? पोटविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, वैज्ञानिक समिती आणि आगामी वार्षिक अधिवेशनाची संयोजन समिती,
इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय पातळीवरच्या वैद्यकीय अधिवेशनाची आखणी सहसा कोणत्या क्रमाने होते, हे आपण सगळेच जाणतो. आधी शहर ठरते, मग सभागृह, मग परदेशी पाहुण्यांच्या सोयीच्या तारखा, मग त्या पाहुण्यांची व्याख्याने सकाळच्या भरगच्च वेळेत बसवली जातात, आणि देशातल्या रोजच्या आजारांना दुपारच्या जेवणानंतरची तिसऱ्या क्रमांकाच्या सभागृहातली वेळ मिळते, जेव्हा निम्मे प्रतिनिधी स्टॉलवर असतात आणि उरलेले डुलक्या घेत असतात. हा क्रम उलटा करावा, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. कोणते रुग्ण आपल्याकडे येतात, त्यांच्या बाबतीत कुठे चुकते आणि ती चूक कुणाच्या हातून होते, हे आधी ठरावे. सभागृह आणि पाहुणे त्यावरून ठरावेत.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करते. ओपीडी, अतिदक्षता विभाग आणि लोक ज्याला ‘दुर्बीण घालणे’ म्हणतात ती एंडोस्कोपी, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. आपल्या कार्यालयाकडे या पत्राची इंग्रजी प्रत स्वतंत्रपणे पाठवली आहे. जाहीरपणे मराठीत लिहिण्याचे कारण असे की तालुक्यातले माझे सहकारी, ज्यांच्यावर या अधिवेशनाचा परिणाम व्हायला हवा आणि फारसा होत नाही, ते हे वाचतील आणि त्यांना पटले तर आपल्याला लिहितील.

संघटनेची स्थापना १९६० ची, नियतकालिक १९८२ पासूनचे. पचनसंस्थेच्या आजारांबाबत भारतातून जगाला जे काही मिळाले, त्यातले बरेचसे रुग्णाच्या अगदी जवळ उभे राहून केलेल्या निरीक्षणातून मिळाले आहे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी शिरले आणि जवळपास २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ए ची साथ नव्हती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे पंचवीस वर्षांनी कळले. काश्मीरमध्ये १९७८ च्या साथीत डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगावच्या नोंदी केल्या, गर्भवती स्त्रियांमधले मृत्यू मोजले, आणि आज ज्याला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो त्या आजाराची ओळख पटण्याचा रस्ता तिथून सुरू झाला. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. आणि आपल्या पुण्यात १९८० च्या दशकात बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या मुलांच्या यकृताच्या जीवघेण्या सिरोसिसचा संबंध पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधाशी जोडला. आजच्या निवासी डॉक्टरांनी तो आजार बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो, इतका तो मागे हटला. यांतल्या कुणालाही त्या वेळी मुख्य सभागृहाची वाट पाहावी लागली असती, तर त्यांचा विषय ‘प्रादेशिक’ म्हणून बाजूला पडला असता अशी मला दाट शंका आहे.

म्हणून पहिली मागणी: अधिवेशनाच्या प्रत्येक दिवशी मुख्य सभागृहातले सकाळचे पहिले दोन तास, समांतर सत्रे न ठेवता, अशा एकेका आजाराला द्यावेत ज्याचा रुग्ण आधी जिल्ह्यात किंवा तालुक्यात येतो आणि उशिरा मोठ्या शहरात पोहोचतो.

आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) हा माझ्या मते पहिल्या दिवसाचा विषय. दोन्हीत लहान आतडे आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथेच व्रण, दोन्हीत पोटदुखी, वजन घटणे, बारीक ताप; एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर नुकसान. क्षयरोग्याला स्टेरॉइड किंवा बायोलॉजिकल, म्हणजे क्रोन्समध्ये वापरली जाणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर रोग भडकतो आणि क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन्‌महिने क्षयरोगाची औषधे दिली तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाते. गेल्या वर्षी माझ्याकडे एक तरुण आला. प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल, दोन शहरांतल्या दोन कोलोनोस्कोपी, एका ठिकाणी क्षयरोगाची औषधे सुरू केलेली, दुसऱ्या ठिकाणी ती मधेच थांबवून स्टेरॉइड दिलेले. बायोप्सीच्या अहवालात ग्रॅन्युलोमा (दोन्ही आजारांत दिसू शकणाऱ्या पेशींच्या गाठी) दिसल्याचे लिहून पुढे ‘क्लिनिकल संदर्भाने ठरवावे’ असा नेहमीचा शेरा. कल्चर आणि सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय तपासणी) यांचा अहवाल मात्र कुठेच नव्हता, कारण दोन्ही वेळा काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला होता. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत. त्यासाठी दोन-तीन तुकडे साध्या सलाईनमध्ये वेगळे ठेवून त्याच दिवशी पाठवावे लागतात. सगळा फरक दुसऱ्या एका छोट्या बाटलीचा आहे. ती बाटली टेबलावर असावी हे एंडोस्कोपी करणाऱ्याने आधी सांगावे लागते आणि सहायकाने लक्षात ठेवावे लागते. सीबीनॅट या आजारात अनेकदा निगेटिव्ह येते हे खरे; पण जिथे पॉझिटिव्ह येते, औषधाला दाद न देणारा क्षयरोग कळतो, तिथे त्या रुग्णाची दोन वर्षे वाचतात.

या विषयावर देशात काम झालेले आहे. आपल्याकडच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की क्षयरोगाची औषधे सुरू केल्यावर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का ते पाहावे. केवळ ‘बरे वाटते’ यावर जाऊ नये, कारण क्रोन्सच्या काही रुग्णांनाही त्या औषधांवर काही काळ बरे वाटते. पण हे ज्ञान जिल्ह्यापर्यंत पोहोचते ते तिसऱ्या हाताने, एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अर्धवट स्लाइडमधून. अधिवेशनात या विषयावर व्याख्यान असतेच. मला हवा आहे तो एक टेबलाभोवतीचा तास, ज्यात पोटविकारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, मायक्रोबायोलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि जिल्हा क्षयरोग अधिकारी समोरासमोर बसून पाच खरी प्रकरणे सोडवतील, आणि सभागृहातला कुणीही हात वर करून मधेच थांबवू शकेल.

दुसरी सकाळ रक्ताच्या उलटीची असावी. सिरोसिसच्या रुग्णाची अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटते तेव्हा बहुधा रात्र असते, सोबत घाबरलेले नातेवाईक असतात आणि बँडिंगची, म्हणजे दुर्बिणीतून ती शीर रबरी कड्याने बांधण्याची सोय असलेले रुग्णालय दोन-तीन तासांवर असते. राष्ट्रीय अधिवेशनांत या आजारावर भरपूर बोलले जाते, पण मानेच्या शिरेतून यकृतात स्टेंट बसवण्याच्या प्रक्रियेवर जास्त, आणि पहिल्या सहा तासांवर कमी. शिरांमधला दाब उतरवणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड एंडोस्कोपीची वाट न पाहता सुरू करावे, अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच द्यावा, शुद्ध हरपत असेल तर श्वासमार्ग आधी सांभाळावा आणि मगच अँब्युलन्समध्ये चढवावे, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्याशिवाय रक्त चढवण्याची घाई करू नये: यांतली एकही गोष्ट महागड्या यंत्रावर अवलंबून नाही. रक्ताबाबतचा मुद्दा तर २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या अभ्यासाने स्पष्ट केला. तरी आजही नातेवाईकांच्या समाधानासाठी चार पिशव्या चढवून शिरांमधला दाब वाढवलेला आणि पुन्हा उलटी होत असलेला रुग्ण आमच्या दारात येतो. बाराएक तासांत बँडिंग व्हायला हवे हे मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना तोंडपाठ आहे. ते बारा तास जिथून मोजायला सुरुवात होते, तिथल्या माणसाला सभागृहात बोलवा. शक्य असेल तर त्या सत्रात तालुका रुग्णालयाचा वैद्यकीय अधिकारी आधी बोलू द्यावा आणि प्राध्यापकांनी नंतर.

तिसऱ्या सकाळचा विषय सुचवताना मला थोडा संकोच वाटतो, कारण तो कार्यक्रमपत्रिकेत शोभून दिसणारा नाही. उंदीर मारण्याच्या मलमातला पिवळा फॉस्फरस यकृत निकामी करतो. शेतीच्या पट्ट्यातल्या डॉक्टरांना हा रुग्ण चांगला परिचित आहे: रात्री काहीतरी खाल्ले, उलट्या झाल्या, पोट धुतले, दुसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली, चहा प्यायली, आणि आईवडील घरी न्यायची घाई करू लागले. याच टप्प्यावर अनेकांना घरी सोडले जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, रक्त गोठण्याची क्षमता ढासळते, आणि तेव्हा यकृत प्रत्यारोपण केंद्र गाठायला बहुतेकांकडे ना वेळ असतो ना पैसा. पहिले तीन-चार दिवस रोज आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पाहावा, एन-ॲसिटिलसिस्टीन लवकर सुरू करावे, प्लाझ्मा बदलण्याची सोय कुठे आहे याचा फोन पहिल्याच दिवशी लावून ठेवावा, या साध्या शिस्तीवर एकवाक्यता घडवायची तर संघटनेच्या व्यासपीठाइतकी योग्य जागा नाही. मानसोपचारतज्ज्ञांनाही त्या सत्रात बोलवावे लागेल. आजवर मी पाहिलेल्या पोटविकाराच्या अधिवेशनांत ते क्वचितच दिसले.

मेदयुक्त यकृत, हिपॅटायटिस बी आणि सी यांना वेळ मिळतोच, त्याबद्दल लांबण लावत नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, सी ची औषधे सरकारी केंद्रावर मोफत मिळतात, तरी खासगीत येणाऱ्या रुग्णाला तिकडे पाठवण्याची सवय आपल्यातल्या अनेकांना लागलेली नाही. त्या कार्यक्रमाचे अधिकारी उद्घाटनाला दीपप्रज्वलनापुरते येतात. त्यांना एक प्रश्नोत्तराचा तास द्यावा.

आता थेट प्रक्षेपणाच्या एंडोस्कोपी कार्यशाळेबद्दल, ज्याबद्दल खासगीत सगळे बोलतात आणि लेखी कुणी देत नाही. दुसऱ्या शहरातून, कधी दुसऱ्या खंडातून आलेला निष्णात डॉक्टर, अनोळखी खोलीत, अनोळखी सहायकांबरोबर, ज्या रुग्णाला त्याने आदल्या दिवसापर्यंत पाहिलेले नाही त्याच्यावर प्रक्रिया करतो, आणि त्याच वेळी पडद्यापलीकडून निवेदक त्याला प्रश्न विचारत राहतो. मी यातून शिकले आहे, हे नाकारत नाही. परंतु ईआरसीपीनंतर, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेल्या प्रक्रियेनंतर, स्वादुपिंडाला सूज यायची तर ती काही तासांनी येते. तोवर पडदा बंद झालेला असतो आणि पाहुणे विमानतळावर असतात. प्रक्षेपण बंद करा असे माझे म्हणणे नाही. रुग्णाची संमती त्याच्या भाषेतल्या कागदावर असावी, प्रक्रिया कोण करणार आणि ती किती जण पाहणार हे त्यात लिहिलेले असावे, शुल्कात सवलत दिली जात असेल तर नकार दिल्यावरही ती कायम राहील असे आश्वासन त्यात असावे. खोलीत रुग्णाच्या बाजूने उभा राहणारा एक डॉक्टर असावा, ज्याला प्रक्षेपण थांबवण्याचा अधिकार असेल आणि ज्याला पाहुण्याच्या नावाचे दडपण येणार नाही इतका तो ज्येष्ठ असेल. आणि त्या कार्यशाळेतल्या प्रत्येक रुग्णाचे तीस दिवसांनंतर काय झाले, हे पुढच्या वर्षी कार्यशाळेच्या सुरुवातीला, नाव न सांगता, पडद्यावर दाखवावे. ही शेवटची अट मान्य झाली तर पहिल्या दोन आपोआप पाळल्या जातील असा माझा अंदाज आहे.

या कार्यशाळांत एका वर्गाला मात्र जागा नसते: एंडोस्कोप धुणाऱ्यांना. रुग्णाच्या पोटातून बाहेर आलेली नळी आधी पुसायची, गळती तपासायची, प्रत्येक वाहिनीतून ब्रश फिरवायचा, मग ग्लुटाराल्डिहाइड किंवा ओपीए या जंतुनाशकात ठरलेला वेळ बुडवून ठेवायची, स्वच्छ पाण्याने खळबळायची आणि पूर्ण वाळवून टांगायची. हे काम जिल्ह्यात जी मुले-मुली करतात त्यांनी ते बहुधा आधीच्या मुलाकडे पाहून शिकलेले असते. रुग्णांची रांग मोठी असली की ब्रश आणि वाळवणे या दोन पायऱ्या सर्वांत आधी गळतात, आणि नळीत ओल राहिली की जंतू वाढतात. आपल्या अधिवेशनात त्यांच्यासाठी एक पूर्ण दिवस, यजमान राज्याच्या भाषेत आणि हिंदीत, प्रत्यक्ष नळ्या हातात देऊन ठेवावा. नोंदणी शुल्क शून्य असावे, आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावे, कारण त्या प्रमाणपत्रावर त्यांचा पगार वाढू शकतो. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडे प्रशिक्षक असतात. त्यांच्या स्टॉलचे भाडे घेताना ही सेवा अटीत घालता येईल.

पैशांचा विषय टाळून आखणी होत नाही. औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषध कंपन्यांच्या विपणनासाठीची समान संहिता अधिसूचित केली. व्याख्याता नसलेल्या डॉक्टरचा प्रवास आणि हॉटेल कंपनीने देऊ नये, परदेशात असे कार्यक्रम घेऊ नयेत, खर्च जाहीर करावा, असे ती सांगते. तिकिटे आणि खोल्या कंपनीने देण्याचा जमाना निदान कागदावर संपला. याचा सरळ अर्थ असा की जो डॉक्टर येईल तो स्वतःच्या खिशातून येईल, आणि पंचतारांकित सभागृह, मेजवानी आणि चामडी बॅग यांचा भार त्याच्या नोंदणी शुल्कावर पडणार असेल तर निवासी डॉक्टर आणि जिल्ह्यातले फिजिशियन गळतील. कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाचे सभागृह आणि वसतिगृह सुट्टीत मिळू शकते. बॅग नको. अधिवेशन संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च, प्रायोजकांच्या नावांसह आणि रकमांसह, सर्व सभासदांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा. प्रायोजित सत्र असेल तर ते तसे ठळक छापावे आणि मुख्य सभागृहात ठेवू नये. व्याख्यात्याच्या हितसंबंधांची स्लाइड दोन सेकंदांत पुढे जाते, तिथे निदान ती मोठ्याने वाचण्याची सक्ती करता येईल.

जाता जाता एक निरीक्षण: ज्या संमेलनात सकाळी आम्लपित्त आणि मेदयुक्त यकृतावर व्याख्याने होतात, तिथेच रात्री सत्कार लांबून साडेदहाला तळलेले जेवण सुरू होते आणि कोपऱ्यात मद्याची सोय असते. यकृताच्या डॉक्टरांनी हे बदलले तर त्याला वेगळा खर्च येत नाही.

निवासी डॉक्टरांच्या निबंधांचे सारांश नियतकालिकाच्या पुरवणीत छापले जातात, ही चांगली प्रथा आहे. परंतु ई-पोस्टरच्या पडद्यासमोर तो डॉक्टर आणि त्याचा मित्र एवढेच उभे असतात. प्रत्येक परीक्षकाने दहा पोस्टरांसमोर उभे राहून प्रत्येकी सात-आठ मिनिटे चर्चा करावी, आणि ज्या अभ्यासातून ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघाला त्यांच्यासाठी एक वेगळे पारितोषिक ठेवावे. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी मुख्य सभागृहातल्या सकाळच्या सत्रांचे ध्वनिचित्रमुद्रण पंधरा दिवसांत अल्प शुल्कात उपलब्ध करावे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी टिकवायला डॉक्टरला पाच वर्षांत अशा शिक्षणाची ३० क्रेडिट लागतात, आणि ती मिळवण्यासाठी दाराशी बारकोड दाखवून बाजारात निघून जाणाऱ्यापेक्षा घरी बसून ऐकणारा अधिक शिकेल.

शेवटचा मुद्दा यजमान शहराचा. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढत गेले. राज्यात संशयितांचा आकडा दोनशेवर गेला आणि अनेकांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. आजार मज्जातंतूंचा, पण वाट आतड्यातून आणि त्याआधी नळातून. दिल्लीच्या १९५५ नंतर सत्तर वर्षांनी आपण पुन्हा पाण्याशीच येऊन थांबतो. त्यामुळे अधिवेशन ज्या शहरात भरेल तिथल्या महापालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याला आणि आरोग्य अधिकाऱ्याला एक सत्र द्यावे, त्यांनी त्या शहरातल्या कावीळ-जुलाबांच्या साथींचे नकाशे आणावेत, आणि प्रश्न आपण विचारावेत. त्या शहरातल्या डॉक्टरांनाही आपापल्या ओपीडीतले रुग्ण कोणत्या वस्तीतून येतात हे कदाचित तिथे पहिल्यांदा एकत्र दिसेल.

कार्यक्रमपत्रिकेचा पहिला मसुदा छापण्याआधी महिनाभर सभासदांच्या हरकती-सूचनांसाठी खुला ठेवावा, अशी विनंती आहे. क्षयरोग-क्रोन्सच्या टेबलासाठी मराठवाड्यातली पाच प्रकरणे, रुग्णांच्या संमतीसह आणि काचपट्ट्यांसह, गोळा करून देण्याची जबाबदारी मी घेते. त्यासाठी प्रवासखर्च नको. सकाळची वेळ हवी.

कळावे,

आपली,
संघटनेची एक आजीव सभासद,
मराठवाडा